गेटवरचं शून्य

बस डेपोच्या गेटला लागून एक खोली आहे. खोली कसली, खिडकी लावलेलं कपाटच. आत एक टेबल, एक खुर्ची, एक जाडजूड रजिस्टर आणि मुठीत मावेल एवढं, श्वासातली दारू मोजणारं एक यंत्र. पहाटे साडेचारपासून एकेक ड्रायव्हर खिडकीशी येतो, कोरी नळी यंत्राला लावून फुंकतो आणि आत बसलेला माणूस आकडा बघून मोठ्याने म्हणतो, "शून्य!" मग रजिस्टरमध्ये शून्य, शून्यापुढे सही आणि ड्रायव्हरच्या हातात बसची चावी. आकडा कणभर जरी वर सरकला तरी चावी मिळत नाही, मग तो ड्रायव्हर साक्षात मॅनेजरसाहेबांचा मेहुणा का असेना.

आत बसणाऱ्या या माणसाला सगळा डेपो शून्यकाका म्हणायचा. त्यांचं खरं नाव पगाराच्या यादीत तेवढं उरलं होतं. अकरा वर्षांपूर्वी ते स्वतः ड्रायव्हर होते आणि पट्टीचे पिणारे होते. एका सकाळी आदल्या दिवशीची उतरलेली नसताना त्यांनी रिकामी बस डेपोच्या भिंतीत घातली. भिंत पडली, माणूस कुणी मेलं नाही. तेव्हापासून त्यांनी थेंबाला स्पर्श केला नव्हता. तेव्हाचे साहेब डोकेबाज होते. ज्याला सगळ्या लबाड्या पाठ आहेत त्यालाच त्यांनी पहाऱ्यावर बसवलं. पेपरमिंट चघळून येणारा, अर्धाच श्वास सोडणारा, दारातूनच "काका, उशीर झाला, उद्या दुप्पट फुंकतो" म्हणून सटकू पाहणारा, असले सगळे नग शून्यकाका चालण्यावरून ओळखत. त्यांच्या हातावर तुरी देऊन आजवर कुणी चावी नेली नव्हती, आणि याचा त्यांना अभिमान होता. जरा जास्तच होता.

दर गुरुवारी सकाळची पाळी संपली की टायरच्या गोदामात त्यांची मंडळी जमायची. पिणं सोडलेले आणि सोडू पाहणारे, असे आठ-दहा जण. जुन्या टायरांवर बसायचं, आपला कितवा दिवस ते सांगायचं, मनात असेल ते बोलायचं, चहा प्यायचा आणि घरी जायचं. नियम एकच होता आणि तो काकांनी खडूने भिंतीवर लिहून ठेवला होता: पूर्ण शून्य.

या मंडळीत लंबू आला तेव्हा त्याचा सव्विसावा दिवस होता. लंबू म्हणजे सहा फूट दोन इंच, बसमध्ये चढताना रोज डोकं आपटून घेणारा आणि रोज नव्याने आश्चर्य वाटल्यासारखा "अरेच्चा" म्हणणारा ड्रायव्हर. आई-वडील लवकर गेलेले, थोरल्या बहिणीने वाढवलेला. ती घरी पडदे आणि चादरी शिवायची आणि तिने या भावापायी स्वतःचं लग्न, झोप आणि अर्धी नजर घालवली होती. लंबू मजेसाठी प्यायचा नाही. वर्षातून दोनदा-तीनदा त्याच्या डोक्यात काहीतरी सुटायचं. झोप नाही, अखंड बडबड, सतराशे साठ कामं एकदम हाती. मग एके दिवशी सगळं विझायचं आणि महिनाभर त्याला अंथरुणातून उठवायला बहिणीला हातापाया पडावं लागायचं. डोकं पळायला लागलं की ते थांबवायला दारू, आणि थांबलं की ते विसरायला दारू.

हॉस्पिटलात दारू सोडवली तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी बहिणीला समोर बसवून सांगितलं होतं, "हे दोन आजार आहेत, आणि एकमेकांचा हात धरून चालतात. एकालाच पकडाल तर दुसरा येऊन त्याला सोडवून नेईल. दारू बंद राहायची असेल तर मनाचा हा चढउतार गोळ्यांनी सावरावा लागेल." लंबूने गोळ्या घेतल्या. चार महिने तो बरा होता. डॉक्टरबाईंनी दाखला दिला, साहेबांनी त्याला बस दिली आणि शून्यकाका रोज सकाळी त्याच्यासाठी जरा जास्तच मोठ्याने "शून्य!" म्हणू लागले.

मग एका गुरुवारी लंबूने टायरवर बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे केले. बोटं बारीक थरथरत होती.

"काका, गोळीने असं होतं. तहान लागत राहते. आणि आत सगळं चपटं वाटतं, कशाचं काही वाटतच नाही. पॅसेंजर हाताकडे बघतात. परवा एक आजोबा म्हणाले, परत सुरू केलीस का रे?"

"किती दिवस घ्यायची आहे?" काकांनी विचारलं.

"डॉक्टरबाई म्हणतात, बहुतेक कायमची. हात थरथरला तर सांग म्हणाल्या होत्या, कमीजास्त करून बघू म्हणून. पण म्हटलं आधी तुम्हाला विचारावं."

आता इथे काकांनी "बाईंना विचार" एवढं म्हटलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण अकरा वर्षांत काकांना एक खोड जडली होती. त्यांना टाळ्यांची वाक्यं सुचायची.

"जी घेतल्याशिवाय डोकं ठिकाणावर राहत नाही, तिला आपण काय म्हणतो?" काका म्हणाले. "मीपण हेच म्हणायचो. घेतल्याशिवाय डोकं ठिकाणावर राहत नाही. बाटलीतून ओता नाहीतर पाकिटातून फोडा, पोटात जाऊन दोघी बहिणीच. पूर्ण शून्य म्हणजे पूर्ण शून्य."

टाळ्या पडल्या. लंबू उठला, खिशातलं पाकीट काढलं आणि कोपऱ्यातल्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकलं. गोळ्यांचं पाकीट क्षणभर तेलावर तरंगलं आणि मग दिसेनासं झालं. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. वंगणवाला, म्हणजे बसना ग्रीस घालणारा मेकॅनिक, तर भरून येऊन म्हणाला, "पोरगं आज खरं सुटलं."

पहिले पंधरा दिवस काहीच झालं नाही. बोटांची थरथर गेली, तहान गेली. नंतरच्या पंधरा दिवसांत लंबू उजळला. बस स्वतः धुऊ लागला, काचा लख्ख पुसू लागला, पॅसेंजरना हसवू लागला. गुरुवारी तो एकटाच अर्धा तास बोलायचा आणि लोक ऐकत राहायचे. मग त्याने सगळ्या शहराच्या बसचं नवं वेळापत्रक बनवायला घेतलं. अठ्ठावीस पानांचा कागदांचा गठ्ठा त्याने साहेबांच्या दारात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी त्यात सुधारणा म्हणून आणखी सतरा पानं. डेपोत लोक हसले, पण कौतुकाने. दारू सुटली की माणूस असा फुलतो, असं जो तो म्हणत होता.

शून्यकाकाही म्हणत होते. मात्र त्यांना काहीतरी टोचायचं. ते स्वतः कधी असे फुलले नव्हते. दारू सोडल्यापासून रोज पहाटे तीनला त्यांचे डोळे उघडायचे आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटायचं. कशातच राम वाटायचा नाही. नातवाला मांडीवर घेतलं तरी आतून कोरडेच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. दारू सोडण्याची हीच किंमत असते आणि मर्दाने ती मुकाट मोजायची असते, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती.

दीड महिना उलटल्यावर एका सोमवारी, उजाडायच्या आत, गेटच्या खिडकीशी लंबूच्या आधी त्याची बहीण येऊन उभी राहिली. केस विंचरलेले नव्हते. सुईने टोचलेली बोटं तिने खिडकीच्या गजांत अडकवली.

"काका, आज त्याला बस देऊ नका. चार रात्री झाल्या, त्याचा डोळ्याला डोळा लागलेला नाही. सगळ्या भिंतींवर बसचे रस्ते काढून ठेवलेत. मी बोलले की हसतो, आणि अडवलं की अंगावर येतो."

काका खिडकीशी वाकले. "प्यायलाय?"

"नाही. तेच तर! प्यायलेला असता तर काय करायचं ते मला पाठ आहे." तिने गज आणखी घट्ट धरले. "गोळ्या घेतोस ना, विचारलं तर म्हणतो, काकांनी सोडायला सांगितल्या. खरं आहे का?"

काका उत्तर देणार तेवढ्यात लंबू आला. इस्त्रीचा शर्ट, गुळगुळीत दाढी, डोळ्यांत विलक्षण चमक. "अरे, ताई इथे? काका, हिला चहा पाजा. आज शहराला कळेल बस कशाला म्हणतात!" त्याने यंत्र उचललं, नळी लावली आणि पूर्ण छाती भरून फुंकलं.

शून्य.

चालक अयोग्य वाटल्यास तपासनीस त्याला रोखू शकतो, असा नियम रजिस्टरच्या पहिल्याच पानावर छापलेला होता. काकांना तो तोंडपाठ होता. ताई त्यांच्याकडे बघत होती, लंबू बघत होता, मागे रांग लागली होती. शून्य असलेल्या माणसाला थांबवायचं म्हणजे शून्य पुरेसं नसतं असं कबूल करायचं, आणि काकांची अकरा वर्षं त्या एका आकड्यावर उभी होती. त्यांनी शून्य लिहिलं, सही केली आणि चावी दिली.

"यंत्रात काही नाही, ताई," ते म्हणाले. "मी काय करू?"

तिने गजांतून बोटं सोडवून घेतली आणि बस गेटबाहेर पडेपर्यंत उभी राहिली.

साडेसातला डेपोतला फोन वाजला. पलीकडे लंबूच्या बसची कंडक्टर होती आणि तिच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता. लंबूने तिसऱ्या थांब्यानंतर थांबणंच बंद केलं होतं. ठरलेला रस्ता सोडून, स्वतः शोधलेल्या जवळच्या रस्त्याने, तेवीस माणसांसकट त्याने बस नदीवरच्या जुन्या पुलावर घातली होती. अवजड गाड्यांना बंदी असलेला पूल तो. अडथळ्याचे पिंप उडवून बस मधोमध गेली आणि तिथे लंबूने करकचून ब्रेक दाबला, खाली उतरला आणि घाबरलेल्या लोकांना कठड्याशी उभं राहून समजावू लागला की इथून पुढे सगळं शहर कसं एका सरळ रेषेत येतं. एका शाळामास्तरीण बाईंचं मनगट मोडलं. बाकी सगळे पायी परत आले. लंबूला चौघांनी धरून उतरवलं तेव्हा तो रडत होता आणि गातही होता.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत चौकशी झाली. साहेबांपुढे रजिस्टर उघडं होतं. "तुम्ही तपासलंत, शून्य होतं. तुमच्याकडून काम चोख आहे," ते म्हणाले. "मुलगा बेपर्वा निघाला. त्याला काढावं लागेल. तुम्ही फक्त इथे सही करा."

काकांनी पेन हातात घेतलं. सही केली असती तर त्यांच्या केसालाही धक्का लागला नसता. त्यांना गजांत अडकलेली ती बोटं दिसली, सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली.

"साहेब, तो बेपर्वा नाही, आजारी आहे," ते म्हणाले. "त्याच्या गोळ्या मी बंद करायला लावल्या. दहा माणसांसमोर. आणि काल त्याची बहीण मला सांगायला आली होती, चावी देऊ नका म्हणून. तरी मी दिली. हे सगळं लिहून घ्या, मग सही करतो."

साहेबांनी नवा कागद पुढे ओढला. मग लिहून घेतलं. काकांना त्याच दिवशी गेटवरून उठवलं आणि बसमध्ये हरवलेल्या वस्तूंच्या काउंटरवर बसवलं. छत्र्या, डबे, एक कवळी आणि शेकड्याने एकेकटे हातमोजे, असा त्यांचा नवा कारभार. लंबूचा निर्णय डॉक्टरांचा अहवाल येईपर्यंत लांबणीवर पडला.

पुढच्या मंगळवारी काका हॉस्पिटलात गेले. वॉर्डच्या बाहेर बाकावर ताई बसली होती. काकांनी हात जोडले. तिने ते पाहिलं आणि नजर फिरवली.

"मला माफीबिफी नको, काका," ती म्हणाली. "आत जा. त्याला ऐकायचं असेल तर तुमचंच ऐकतो. माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही."

लंबू पलंगावर गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. सहा फूट दोन इंचांचा माणूस एवढासा दिसत होता. चमक गेली होती, बोटं पुन्हा थरथरत होती.

"पाच दिवस झाले, पुन्हा गोळी सुरू केलीय," तो म्हणाला. "म्हणजे माझे दिवस गेले ना, काका? आज दोनशे सहावा असता."

"आहेच दोनशे सहावा. तू दारू प्यायला आहेस का?"

"तुम्हीच म्हणालात, दोघी बहिणी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या." तो रागाने बोलत नव्हता, थकून बोलत होता. "आता एकीशी आयुष्यभर संसार करायचाय, तर मग दुसरी तरी का नको? ती निदान लवकर झोपवते. इथून सुटलो की सरळ गुत्त्यावर जाणार. ताईला सांगू नका."

काका पलंगाच्या कडेला बसले. "अरे, मी चुकलो. मी मूर्खासारखं बोललो."

"आता माझी कीव येते म्हणून म्हणताय." लंबूने तोंड भिंतीकडे केलं. "तिथे म्हणाला होतात, इथे येऊन मागे घेताय. काका, तुम्ही अकरा वर्षं काहीही न घेता राहिलात. तुम्हाला काय कळणार?"

काका घरी आले, जेवले नाहीत. काकूंनी विचारलं तर त्यांनी सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता जे कधीच सांगितलं नव्हतं तेही सांगून टाकलं. पहाटेचे तीन, छातीवरचं ओझं, मांडीवरचा नातू.

काकू ताट आवरत होत्या. "मला सांगताय होय?" त्या म्हणाल्या. "अकरा वर्षं मीपण तीनला जागी होते. कुशीवर वळून पडून राहते. म्हटलं, विचारलं आणि पुन्हा प्यायला लागले तर? म्हणून मूग गिळून बसले." त्या काकांजवळ येऊन बसल्या आणि त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. काका लहान मुलासारखे रडले. दारू सोडताना रडले नव्हते ते आता रडले.

गुरुवारी टायरच्या गोदामात दोनच्या ठोक्याला मंडळी जमली. काका आपल्या नेहमीच्या टायरवर बसले नाहीत, उभे राहिले.

"मागे मी लंबूला इथे जे सांगितलं ते चूक होतं," ते म्हणाले. "डॉक्टरांनी मोजून दिलेली गोळी वेगळी, दारू वेगळी. गोळी घेतली म्हणून लंबूचा एकही दिवस कमी होत नाही. आज त्याचा दोनशे आठवा आहे. लक्षात ठेवा, दोनशे आठवा."

कुणी टाळी वाजवली नाही. वंगणवाल्याने हातातला बोळा आपटला. "असं कसं, काका? तुमच्याकडे बघून मी झोपेच्या गोळ्या सोडल्या. तडफडलो, पण सोडल्या. आता म्हणता चूक? मग तुमच्या अकरा वर्षांचं काय?"

"ज्या तू दुकानातून मूठमूठ आणायचास त्या सोडल्यास ते बरंच केलंस. पण नुसतं माझ्या सांगण्यावरून सोडल्यास, हे वाईट. तडफडून तुझं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे? मी काय डॉक्टर आहे?" काका थांबले. "आणि माझी अकरा वर्षं विचारतोस ना, ऐक. अकरा वर्षं मला धड झोप नाही. अकरा वर्षं मला वाटतं, मेलो तर बरं. दारू प्यायलो नाही, एवढंच केलं. पोराला गोळीने बरं वाटत होतं ते मला बघवलं नाही, हे खरं. मी न घेता सोसतो, तर यानेही सोसावं. हे माझ्या मनात होतं आणि मी त्याला नियमाचं नाव दिलं."

शेवटी मंडळीतला सगळ्यात म्हातारा, निवृत्त वॉचमन, चष्मा पुसत म्हणाला, "मीपण दोन वर्षं गोळी घेतो. मन उदास होतं त्याची. इथे सांगायची हिंमत झाली नव्हती." मग आणखी एकाने मान खाली घालून हात वर केला. वंगणवाला मात्र उठून निघून गेला, आणि पुढेही कितीतरी गुरुवार तो आला नाही. काकांनी ओल्या फडक्याने भिंतीवरचा खडू पुसला. नवीन काही लिहिलं नाही. काय लिहावं ते त्यांना सुचलंच नाही.

सोमवारी ते त्याच डॉक्टरबाईंच्या दारात रांगेत बसले, काकू शेजारी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तुमची दारू सुटली, पण जिच्यावर पडदा म्हणून ती घेत होतात ती उदासी तशीच राहिली," त्या म्हणाल्या. "रोज एक गोळी. बरं वाटायला तीन-चार आठवडे लागतील, धीर सोडू नका. आणि मरणाचा विचार जोर धरायला लागला तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी यायचं." घरी येऊन काकांनी गोळी तळहातावर ठेवली आणि तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. काकूंनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

रविवारी भेटायच्या वेळेत ते वॉर्डात शिरले. काखेत पिशवी होती. लंबू पलंगावर टेकून बसला होता, ताई खुर्चीत उशीच्या अभ्र्याला टाके घालत होती. नर्सने नुकतीच लंबूला गोळी देऊन जीभ वर करायला लावून तपासलं होतं.

काकांनी पिशवीतून यंत्र काढलं. डेपोतलं जुनं, तडा गेलेलं, मोडीत काढलेलं यंत्र. साहेबांकडून मागून आणलेलं. बरोबर दोन कोऱ्या नळ्या.

"गोळी घेतलीस?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

"मग फुंक."

लंबूने त्यांच्याकडे वेड्यासारखं पाहिलं. मग सवयीनेच नळी तोंडात धरली आणि फुंकलं. यंत्राने थोडा वेळ घेतला. काकांनी ते त्याच्या डोळ्यांपुढे धरलं.

"वाच."

लंबू आकड्यावर बोट ठेवून राहिला. शेवटी ताईच मान पुढे करून म्हणाली, "शून्य."

"आज दोनशे अठरावा," काका म्हणाले. "गुरुवारी सगळ्यांसमोर सांगितलंय. खोटं वाटत असेल तर वॉचमनला विचार. आणि त्या सोमवारीपण यंत्रात शून्यच होतं, लंबू. तरी तू बरा नव्हतास. ते ताईला दिसत होतं आणि मलाही दिसत होतं. यंत्राला जेवढं कळतं तेवढंच मी कळून घेतलं. ती माझी चूक, तुझी नाही."

लंबूने यंत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. मग त्याची नजर पिशवीवर गेली.

"दुसरी नळी कोणाला?"

काकांनी शर्टाच्या खिशातून आपलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि चादरीवर ठेवलं. सहा कप्पे फुटलेले होते. लंबूने ते उचललं, त्याच्यावरचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं. पगाराच्या यादीतलं काकांचं नाव त्याला ओळखायला जरा वेळ लागला.

"काका, तुम्ही?"

"सहा दिवस झाले. अजून तीनला जाग येतेच. पण आता काकू उठून दिवा लावते, आणि आम्ही बोलत बसतो."

ताईचा टाका थांबला. तिने पहिल्यांदा काकांकडे नीट पाहिलं.

अकरा वर्षांत काकांनी हजारो माणसांचा श्वास तपासला होता. त्यांचा मात्र कुणी तपासला नव्हता. ते शून्यच असणार हे सगळ्यांनी धरून चाललेलं. लंबूने थरथरत्या बोटांनी दुसरी नळी यंत्राला बसवली. दोनदा ती निसटली. तिसऱ्यांदा बसली तेव्हा त्याने यंत्र काकांच्या तोंडापुढे धरलं. काकांनी डोळे मिटून पूर्ण छातीने फुंकलं आणि डोळे न उघडता वाट बघत राहिले.

"शून्य!" लंबू म्हणाला. इतक्या मोठ्याने, की शेजारच्या पलंगावरचा माणूस दचकून उठला.